चिलीम : कुंभाराची घडण आणि चरित्रकारांची ओवी

मराठी संतचरित्रांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने भक्ती, चमत्कार आणि तत्त्वबोध या अंगांनी झाला आहे. चरित्रनायकाच्या हातातील वस्तूंकडे अभ्यासकांनी पाहिले तेही त्या वस्तूंचे प्रतीक करून. झोळी म्हणजे वैराग्य, सटका म्हणजे शासन, धुनी म्हणजे अखंड साधना, असे अर्थ लावून झाले की वस्तूचे वस्तुपण मागे पडते. चिलमीच्या बाबतीत तर एवढेही घडलेले नाही. शिर्डीचे साईबाबा आणि शेगावचे गजानन महाराज या दोन्ही सत्पुरुषांच्या चरित्रांत चिलीम वारंवार येते. किंबहुना दोन्ही चरित्रांतील अत्यंत लोकप्रिय अशा दोन कथा चिलमीभोवतीच रचलेल्या आहेत. तरीही समीक्षेने तिची दखल घेताना एक प्रकारचा संकोच दाखविला आहे. तंबाखू हे व्यसन असल्यामुळे आणि चिलमीचा संबंध गांजाशीही जोडला जात असल्यामुळे तो संकोच समजण्याजोगा आहे. तंबाखूचे दुष्परिणाम निर्विवाद आहेत आणि येथे त्या सवयीचे समर्थन करावयाचे नाही. परंतु वस्तूचा वापर त्याज्य ठरला म्हणून तिची घडण आणि ती घडविणारा हात हेही विचारातून बाद व्हावेत, हे कारागिरीच्या इतिहासाला परवडणारे नाही.

चिलीम हे धूम्रपानाचे या मुलखातील सर्वांत साधे आणि सर्वस्वी हाताने घडविलेले साधन. ते घडवीत असे गावचा कुंभार. गोविंद रघुनाथ दाभोलकर अर्थात हेमाडपंत यांचे ‘श्रीसाईसच्चरित’ (१९३०) आणि दासगणू महाराजांचे ‘श्रीगजानन विजय’ (१९३९) या दोन ओवीबद्ध ग्रंथांना या कुंभाराविषयी काय ठाऊक आहे आणि ते त्याच्याविषयी काय सांगतात, हा येथील मुख्य प्रश्न आहे. हे दोन्ही ग्रंथ घरोघर पारायणात वाचले जातात. कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या तालुक्यांच्या परिसरातही त्यांचा वाचकवर्ग मोठा आहे. शिवाय या परिसरातील आखाजीच्या सणाची आठवण मनात ठेवून शेगावची कथा वाचली, तर तिचा एक वेगळाच पैलू पुढे येतो. त्याचा विचार यथास्थळी केला आहे.

घडणीचा विचार

संतवाङ्मयातील कुंभार म्हटला की तेरचे गोरोबाकाका आठवतात. त्यांच्याभोवतीच्या दोन कथा सर्वश्रुत आहेत. नामस्मरणात देहभान हरपून माती तुडविताना पोटचे मूल पायाखाली गेले, ही एक. संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पारखले आणि नामदेव कच्चे ठरले, ही दुसरी. माती तुडविणे आणि भाजलेल्या भांड्याचा नाद घेणे या कुंभारकामाच्या आरंभीच्या आणि अखेरच्या क्रियांना वारकरी परंपरेने असा अर्थ दिला. मात्र गोरोबाकाकांच्या आव्यात तंबाखूची चिलीम असणे शक्य नव्हते, कारण तंबाखू हे पीकच तेव्हा या देशात आलेले नव्हते. ते पोर्तुगीजांबरोबर आले आणि दख्खनमध्ये लवकर रुळले. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तेव्हा, म्हणजे १६०४-०५ च्या सुमारास, त्याने बादशहापुढे तंबाखू आणि तो ओढण्याचे रत्नजडित साधन ठेवल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या साधनाची तीन हात लांबीची नळी अचीनची होती. दरबारी हकिमाने आक्षेप घेतल्याचेही तो नोंदवितो. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई केली, पण तोवर हे लोण सर्वत्र पसरले होते.

दख्खनच्या धूम्रपानाची ही नोंद रत्नजडित वस्तूची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बीदरच्या कारागिरांनी जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची जडणघडण करून, किल्ल्यातील मातीच्या लेपाने धातू काळा करून जे हुक्क्यांचे बुड घडविले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापर्यंत पोहोचले आहेत. कलेचे अभ्यासक त्यांवर भरभरून लिहितात. त्या हुक्क्याच्या शिरावर निखारा आणि तंबाखू धारण करणारी वाटी, जिलाही चिलीमच म्हणतात, ती पुष्कळदा साध्या भाजलेल्या मातीची असे. प्रत्यक्ष आग सोसण्याचे काम मातीकडे आणि शोभेचे काम चांदीकडे अशी ही वाटणी होती. पैकी संग्रहालयात कोण पोहोचले, हे वेगळे सांगावयास नको.

हातात धरून ओढावयाची चिलीम ही याहूनही साधी. वीतभर किंवा त्याहून आखूड अशी मातीची पोकळ नळी, वर रुंद आणि खाली निमुळती. दिसावयास ती क्षुल्लक दिसते, परंतु तिच्या घडणीत चुकण्याच्या जागा अनेक आहेत. माती चाळलेली आणि बारीक हवी. रांजणाला किंवा माठाला जी भरड माती चालते ती येथे चालत नाही, कारण भिंत पातळ असते आणि एखादा खडा राहिला तरी भाजताना तेथेच तडा जातो. कुंभार चाकावर मोठा गोळा ठेवतो आणि त्याच्या शेंड्यावर एकामागून एक चिलमी ओढीत जातो. एक उतरली की दोऱ्याने कापून बाजूला ठेवावयाची, तोच गोळा पुन्हा मधोमध आणावयाचा आणि दुसरी ओढावयाची. पणत्या, बोळकी, झाकण्या याही अशाच निघतात. चिलमीत अधिकचे अवघड काम आहे ते आतल्या पोकळीचे. बाहेरचा आकार डोळ्यांना दिसतो, आतला केवळ बोटाला कळतो, आणि ओढणाऱ्याचा संबंध आतल्या आकाराशी असतो. पोकळी वरून खाली सारखी निमुळती होत गेली पाहिजे. मध्ये कोठे फुगवटा किंवा खाच राहिली तर तेथे काजळी साचते.

या निमुळतेपणाला कारण आहे. चिलमीत तंबाखू भरण्यापूर्वी आत एक खडा टाकतात. तो पोकळीत अर्ध्यावर अडकून बसतो, तंबाखू आणि निखारा यांना वरच धरून ठेवतो आणि त्याच्या कडेकडेने धूर खाली उतरतो. पोकळी गोल आणि खडा ओबडधोबड, म्हणूनच वाट राहते. दोन्ही गोल असते तर भोक बंद झाले असते. हा खडा कोणी घडवीत नाही. तो नदीच्या पात्रातून किंवा बांधावरून उचललेला असतो आणि मनासारखा मिळाला की जपून ठेवला जातो. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळतात, तिला छापी म्हणतात. छापीमुळे धूर काहीसा निवतो, राखेचे कण अडतात आणि तापलेल्या मातीचा चटका हाताला बसत नाही. मूठ वळून, मुठीच्या पोकळीतून झुरका घेतला जातो. त्यामुळे चिलीम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा प्रत्येकाचे तोंड बहुधा स्वतःच्याच मुठीला लागते. ज्या समाजात पाणी आणि अन्न यांचा स्पर्श जातीनिहाय बांधलेला होता त्या समाजात ही युक्ती किती उपयोगी पडली असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. उत्तर भारतात बहिष्कृत करण्याला ‘हुक्का-पाणी बंद करणे’ म्हणतात. हुक्क्याची नळी तोंडाने धरावी लागते. चिलमीला छापी आणि मूठ यांचा आडपडदा आहे.

भाजणी हा शेवटचा टप्पा. कुंभाराच्या आव्यातील उष्णता चिनी मातीच्या भट्टीएवढी कधीच नसते, त्यामुळे भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. माठात पाणी गार होते ते याच छिद्रांमुळे, आणि चिलीम धुरातील ओल व चिकटा शोषून घेते तीही यांमुळेच. हवा मोकळी खेळली तर चिलीम तांबडी निघते, आवा कोंडला तर काळी. काळी चिलीम म्हणजे निराळी माती, असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. मातीतील लोहाला प्राणवायू मिळाला की नाही आणि धुराची काजळी अंगात मुरली की नाही, एवढाच हा भेद आहे. माठासारख्या मोठ्या भांड्याला थापी आणि गुंडा यांनी चोपून आकार देता येतो, म्हणजे चाकावर राहिलेली उणीव पुढे भरून काढता येते. चिलमीला ती सवलत नाही. ती चाकावरून उतरली की घडली, अथवा बिघडली.

शिर्डीची चिलीम

‘श्रीसाईसच्चरिता’च्या पाचव्या अध्यायात चाँद पाटलाची कथा आहे. धूपखेड्याचा हा पाटील हरवलेल्या घोडीच्या शोधात फिरत असतो. खोगीर पाठीवर टाकून निराश मनाने परतताना आंब्याच्या झाडाखाली बसलेला एक फकीर त्याला हाक मारतो आणि चिलीम ओढण्यास बोलावतो. घोडी जवळच्या ओढ्याकाठी असल्याचे सांगतो आणि ती तेथे सापडते. पाटील परत येतो तेव्हा चिलीम भरून तयार असते. उणीव दोनच गोष्टींची राहते, तंबाखू पेटविण्यास विस्तव नाही आणि छापी भिजविण्यास पाणी नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसतो तो निखारा बाहेर येतो, सटका आपटतो तो पाणी झरते. छापी भिजते, पिळली जाते, चिलमीला गुंडाळली जाते आणि झुरका घेऊन फकीर ती पाटलाच्या हाती देतो.

या कथेचे विवेचन करणारे बहुधा निखारा आणि पाणी यांपाशी थांबतात. ते स्वाभाविक असले तरी अपुरे आहे. कथा बारकाईने वाचल्यास असे दिसते की चमत्कार चिलमीच्या बाबतीत घडतच नाही. चिलीम आधीच तेथे आहे, तंबाखू आहे, छापीही आहे. जे नाही तेच जमिनीतून काढावे लागते. आता जमिनीतून निघते काय, तर अग्नी आणि पाणी, आणि तीही मातीतून. माती, पाणी आणि अग्नी या तिहींच्या मेळानेच चिलीम घडलेली असते. म्हणजे पाटलाच्या डोळ्यांसमोर जे क्षणात घडले ते कुंभाराच्या घरी कित्येक दिवसांच्या कष्टाने आधीच घडून गेलेले होते. हेमाडपंतांनी हा मेळ जाणीवपूर्वक साधला असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. कथेच्या द्रव्यातच तो आहे. छापी भिजविणे, पिळणे, गुंडाळणे हा क्रम मात्र त्यांनी आवर्जून ठेवला आहे. नुसता चमत्कार सांगावयाचा असता तर एवढ्या तपशिलाची गरज नव्हती. चिलीम कशी ओढतात हे पाहिलेल्या माणसाचा हा तपशील आहे.

पाहिलेले आणि ऐकलेले यांतील फरक सदतिसाव्या अध्यायात अधिक स्पष्ट होतो. चाँद पाटलाची कथा हेमाडपंतांनी ऐकलेली होती. सदतिसाव्या अध्यायातील चावडीचा सोहळा त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होता, कारण १९१० पासून त्यांचे शिर्डीस येणे-जाणे होते. या सोहळ्याच्या वर्णनात चिलमीला मानाचे स्थान आहे. शामा म्हणजे माधवराव देशपांडे चिलीम सिद्ध करून तात्या पाटलांच्या हाती देतात. तात्या झुरका घेऊन ती पेटती करतात आणि बाबांना देतात. बाबांनंतर ती म्हाळसापतींकडे जाते आणि मग इतरांकडे. देशपांडे ब्राह्मण, तात्या कोते पाटील कुणबी-मराठा, बाबा फकीर आणि म्हाळसापती जातीने सोनार, खंडोबाचे पुजारी. मशिदीतून चावडीत आलेल्या या मातीच्या नळीने जो फेरा पूर्ण केला, तो त्या काळच्या गावात अन्य कोणत्या भांड्याला सहज करता आला असता, असे वाटत नाही. हेमाडपंत या फेऱ्याचे क्रमवार वर्णन करतात, पण त्यातील सामाजिक अर्थाकडे बोट दाखवीत नाहीत. त्यांचे लक्ष दुसरीकडे वळते, आणि ते जेथे वळते तो भाग मराठी वाङ्मयात विरळा आहे.

येथे हेमाडपंत चिलमीच्या भाग्याचे कौतुक करू लागतात. ही जड वस्तू खरी धन्य, कारण तिने मोठे तप केले, अशी त्यांची कल्पना आहे. कुंभाराच्या पायाखाली ती तुडविली गेली, उन्हात वाळली, अग्नीत भाजली गेली आणि त्यानंतरच तिला बाबांच्या हाताचा आणि मुखाचा स्पर्श लाभला. वरवर पाहता हा भक्तिवाङ्मयातील परिचित अलंकार आहे. तुळशीचे, चंदनाचे, मुरलीचे भाग्य असेच वानले जाते. पण चिलमीची निवड साधी नाही. मुरलीचे भाग्य गाणाऱ्याला परंपरेचे पाठबळ असते. चिलमीचे भाग्य गाणाऱ्याला नाही. इंग्रजी राजवटीत न्यायदंडाधिकारी म्हणून काम केलेल्या या सुशिक्षित लेखकाला चिलीम गाळून सोहळा वर्णन करणे सहज शक्य होते. त्यांनी ती गाळली नाही, आणि एवढ्यावर न थांबता तिच्या उत्पत्तीपर्यंत गेले.

गेले खरे, परंतु कोणत्या वाटेने गेले हे पाहणे आवश्यक आहे. तुडविणे, वाळणे, भाजणे या तीन क्रियांवर वर्णनाचा सारा भर आहे आणि तिन्ही क्रिया मातीच्या बाजूने पाहिलेल्या आहेत. मातीने काय सोसले ते कळते, कुंभाराने काय केले ते कळत नाही. बोटाच्या अंदाजाने पोकळी निमुळती करणाऱ्या हाताचे कौशल्य हा या स्तुतीचा विषय नाही. त्या रूपकाला सोसणारा हवा आहे, घडविणारा नको आहे. तपाच्या भाषेत कारागीर हा यातनेचे निमित्त होतो, त्याचे स्थान उन्हाच्या आणि अग्नीच्या पंगतीला येते. घट आणि मृत्तिका यांचा दृष्टान्त वेदान्ताने शतकानुशतके वापरला. त्याही दृष्टान्तात प्रश्न घटाचा आणि मातीचा असतो, कुंभाराच्या हातांचा क्वचितच. हेमाडपंत त्या परंपरेचे वारस आहेत. गोरोबाकाकांच्या कथेतील तुडविणे मात्र निराळे आहे. तेथे तुडविणाऱ्यालाच अंतःकरण आहे आणि अपराधही. सच्चरितातील कुंभाराला यांतले काहीच मिळत नाही. असे असूनही, ओवीबद्ध चरित्रात रोजच्या वापरातील एका क्षुद्र वस्तूच्या उत्पादनाची प्रक्रिया योग्य क्रमाने यावी, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य मानावे लागेल. निव्वळ चमत्कारासाठी ग्रंथ वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते, आणि चमत्कार नको म्हणून ग्रंथच न वाचणाऱ्याच्या नजरेतूनही.

शेगावचा विस्तव

‘श्रीगजानन विजय’च्या चौथ्या अध्यायातील कथेची मांडणी याच्या उलट आहे. दिवस अक्षय्य तृतीयेचा. बंकटलालाच्या घरी महाराज मुलांत बसलेले आहेत आणि चिलीम भरावयास सांगतात. घरातील चूल अद्याप पेटलेली नाही, म्हणून मुले जवळच्या जानकीराम सोनाराकडे विस्तव मागावयास जातात. त्याची बागेसरी पेटलेली असते, पण सणाच्या दिवशी विस्तव देणार नाही म्हणून तो नकार देतो आणि साधुत्वाचा उपहासही करतो. महाराज बंकटलालाला चिलमीवर नुसती काडी धरावयास सांगतात आणि विस्तवावाचून चिलीम पेटते. पुढे सोनाराच्या घरी पंगतीत चिंचवण्यात अळ्या दिसतात, पाने टाकून लोक उठतात, जानकीराम शरण येतो आणि चिंचवणे पूर्ववत होते.

दासगणू हे कीर्तनकार. संवाद, अपमान, प्रचिती आणि शरणागती हा कीर्तनाचा आख्यानक्रम त्यांच्या हाडीमासी खिळलेला होता, आणि ही कथा त्या क्रमात चपखल बसते. समाधीनंतर जवळपास तीन दशकांनी, पुरविलेल्या माहितीच्या आधारे त्यांनी हा ग्रंथ रचला. त्यामुळे चिलीम त्यांच्या ओवीत एक निमित्त म्हणून येते. तिचा रंग, छापी, खडा यांची त्यांना गरज भासत नाही. एका अर्थी नाट्य अधिक आणि वस्तू कमी, असा हा व्यवहार आहे. सोनाराच्या नकाराकडेही ते केवळ उन्मत्तपणा म्हणून पाहतात. वस्तुतः सणावाराला घरातील विस्तव बाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते, अशी समजूत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. जानकीरामाचा उपहास गैर होता, पण त्याचा नकार रूढीला धरून होता. दासगणूंनी या दोहोंची गल्लत होऊ दिली आहे. प्रचितीच्या कथेला दोषी माणूस हवा असतो आणि रूढी दोषी ठरविणे अवघड असते.

आता आखाजीचा मुद्दा. खानदेशात आणि कसमादे परिसरात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. या दिवशी कुंभाराकडून नवी घागर आणून, ती पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजण्याची चाल आहे. वऱ्हाडातही या दिवशी जलकुंभाचे महत्त्व असते आणि चिंचवण्याचा मान असतो. म्हणजे शेगावच्या कथेचा दिवस हा पंचांगातील मोजक्या दिवसांपैकी असा आहे की ज्या दिवशी कुंभाराच्या आव्यातील वस्तू प्रत्येक घरात पोहोचते. त्या दिवशीच्या कथेत सोनाराला नाव आहे, दुकान आहे, बागेसरी आहे, अपराध आहे आणि पश्चात्तापही आहे. कुंभाराचा उल्लेख मात्र नाही, जरी कथेच्या केंद्रस्थानी असलेली चिलीम आणि त्या दिवशी घरोघर भरली जाणारी घागर या दोन्ही त्याच्याच. दोन कारागीर, दोघांकडेही अग्नी. एकाचा अग्नी कथेने मागितला म्हणून त्याचे नाव राहिले. दुसऱ्याचा अग्नी चिलमीच्या अंगात आधीच जिरलेला होता, म्हणून त्याच्याकडे काही मागावे लागले नाही.

देवळा परिसरात आखाजीची घागर पाहिलेल्या वाचकाला ही गोष्ट उमगण्यास वेळ लागू नये. दासगणूंना ती दिसली नाही याचा दोष केवळ त्यांच्या माथी मारणे मात्र न्याय्य नाही. म्हाळसापती सोनार शिर्डीत चिलमीच्या फेऱ्यात बसतात, जानकीराम सोनार शेगावात फेऱ्याबाहेर राहतो आणि मग आत येतो. कुंभार फेऱ्याच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने परिचित करून दिलेल्या बलुतेदारीच्या व्यवस्थेत कुंभार हा हक्काचा बलुतेदार आहे आणि बहुतेक याद्यांत त्याची जागा मधल्या ओळीत पडते. वर्षाकाठी धान्य घ्यावयाचे आणि लागतील ती भांडी पुरवावयाची, असा तो व्यवहार. मडके फुटले तर दुसरे मिळे, चिलीम फुटली तर दुसरी मिळे. जे हक्काने मिळते त्याचे कर्तृत्व कोणी विचारीत नाही.

नाव नसलेली वस्तू

या अनामिकतेची तुलना युरोपातील मातीच्या पाईपशी केल्यास फरक नेमका कळतो. हॉलंडमधील गौडा या शहरात पाईप घडविणाऱ्यांचा संघ १६६० मध्ये स्थापन झाला. तेथील आणि इंग्लंडमधील कारागीर पाईपच्या टाचेवर आपली आद्याक्षरे किंवा खूण ठसवीत. तोही पाईप स्वस्तच होता, तोही फुटला की फेकून दिला जात असे. परंतु खुणेमुळे तीनशे वर्षांनी सापडलेला तुकडा कोणत्या घराण्याचा हे सांगता येते. १९५४ मध्ये जे. सी. हॅरिंग्टन यांनी अशा तुकड्यांच्या नळीच्या भोकाचा व्यास मोजून वसाहतींच्या उत्खननातील थरांचा काळ ठरविण्याची पद्धत मांडली, कारण काळानुसार ते भोक अरुंद होत गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. आपल्याकडील चिलमीच्या तुकड्यावर खूण नसते. तंबाखूची चिलीम सापडली म्हणजे थर सतराव्या शतकाच्या आसपासचा किंवा त्यानंतरचा, एवढाच तिचा पुरातत्त्वीय उपयोग. ती घडविणारा बाजारासाठी नव्हे, गावासाठी घडवीत होता. गाव त्याला ओळखत होते, मग खूण कशासाठी? खूण नसणे हा मागासलेपणा नव्हता, तो ओळखीवर चालणाऱ्या व्यवहाराचा भाग होता. पण ओळखणारे गाव विखुरले की अशी वस्तू एकाएकी पोरकी होते, हेही तितकेच खरे.

ते विखुरणे विडीपासून सुरू झाले. नाशिक जिल्ह्यातच सिन्नर हे विडी उद्योगाचे मोठे केंद्र झाले, सीमाभागात निपाणी झाले. विडीला कुंभार लागत नाही, खडा लागत नाही, छापी लागत नाही आणि सोबतही लागत नाही. ती एकट्याने ओढता येते आणि शेतातून घरी येता येता संपते. धातूची, पुढे प्लास्टिकची भांडी आल्यावर माठ आणि पणती सोडल्यास कुंभाराचे बहुतेक काम गेले. पुष्कळ कुंभार कुटुंबे वीटभट्टीकडे आणि गणेशमूर्तींकडे वळली. आखाजीची घागर टिकली, कारण तिला विधीचा आधार होता. चिलमीला गृहस्थांच्या घरी कोणताही विधी नव्हता. त्यानंतर तिचा मुख्य गिऱ्हाईक उरला तो त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या सिंहस्थासारख्या मेळ्यातील साधू. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर चिलमीकडे पाहण्याची नागर समाजाची नजर आणखी संशयी झाली. तंबाखूची चिलीम आणि गांजाची चिलीम यांत घडणीचा भेद नाही, त्यामुळे वस्तूला दोन्हींची बदनामी मिळाली.

शिर्डीत दीक्षित वाड्यातील संग्रहालयात बाबांच्या वापरातील वस्तूंमध्ये चिलमीही आहेत. त्या तेथे आहेत त्या बाबांच्या म्हणून, आणि भाविकांसाठी तेवढेच पुरेसे आहे. अभ्यासकासाठी ते पुरेसे असू नये. त्या चिलमी चाकावरच्या आहेत की साच्यातल्या, माती कोठली असावी, आवा मोकळा होता की कोंडलेला, पोकळीचा उतार किती, हे प्रश्न काचेबाहेरून नुसत्या डोळ्यांनीही काही प्रमाणात सुटण्यासारखे आहेत. ओव्यांच्या अभ्यासकाने ते विचारले तर सदतिसाव्या अध्यायातील तुडविणे, वाळणे आणि भाजणे या तीन शब्दांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष वस्तूचा पुरावा लाभेल. दुसरे काम गिरणेच्या खोऱ्यातील गावांतून करावयाचे आहे. ज्या कुंभार कुटुंबांत आजोबांच्या पिढीने चिलमी ओढल्या, तेथे त्या कामाचे अहिराणी शब्द अजून कोणाच्या तरी तोंडी असण्याची शक्यता आहे. पोकळी पाडण्याच्या काडीला काय म्हणत, बिघडलेल्या चिलमीला काय म्हणत, आखाजीच्या घागरी भाजताना चिलमी आव्याच्या कोणत्या थरात ठेवीत, हे ओवीत सापडणार नाही. ते विचारावयाचे तर आखाजीपूर्वीचे काही आठवडे सोयीचे, कारण तेव्हा आवे पेटलेले असतात.